मास्तरांची स्वतःची गोष्ट

रेवणसिद्ध मास्तरांनी लिहिलेली भुताची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या डोक्यातली आहे, याबद्दल पालम गावात सगळ्यांनाच शंका होती. शेतात पुरलेला माणूस उठून मारेकऱ्याच्या दारात उभा राहतो, अशी ती गोष्ट.

"लय जुनी हाय ही, मास्तर," सगळ्यात मोठ्यानं म्हणायचा तो धोंडीबा धनगर. तीन वर्षांमागं, रझाकारांच्या धामधुमीत त्याचा थोरला भाऊ नाहीसा झाला, तेव्हापासून मेंढरं तो एकटाच राखायचा.

मास्तर इरेला पेटले. त्यांच्या लिंगायत घरात मेलेल्या माणसाला बसवून पुरायची रीत. तेवढंच त्यांनी गोष्टीत नवं घातलं. बाजाराच्या दिवशी लोकांना खोलीवर बोलावून गोष्ट वाचली आणि विचारलं, "आता सांगा, शेतात बसवून पुरलेला मुडदा याआधी कुठं ऐकलात?"

लोकांनी नकारार्थी माना हलवल्या. मास्तर खूश झाले.

लोक पांगले. धोंडीबा तेवढा मागं राहिला. त्यानं उठून दार लोटून घेतलं.



"खड्डा आखूड पडला म्हणून बसवावं लागलं, हे तुमाला कुनी सांगितलं, मास्तर?"