आर्डिसचं भांडं

आर्डिसने खिमा परतून भांड्यात ओतला तेव्हा अंगणात ऊन होतं. झाकणाला आतून घाम सुटेपर्यंत आभाळ छपराला टेकलं आणि बर्फ पडू लागला.

विजेवरचं ते मंद आचेचं भांडं दुपारभर ओट्यावर स्वतःशीच पुटपुटत होतं. बीफचा खिमा, कांदा, टोमॅटो, मोहरीचा पिवळा सॉस. जेवणाच्या वेळी तो पावांत भरायचा, वर काकडीचं लोणचं. ट्रॉय, तिचा एकुलता एक, ओमाहाहून बायको-मुलीला घेऊन निघाला होता. त्याचा फोन लागत नव्हता.

“भांड्याकडे टक लावून बसलीस म्हणून गाडी लवकर नाही पोचायची,” मर्ल म्हणाला आणि हळूच झाकणाला हात घातला.

“उघडू नकोस. सगळी वाफ जाते, मग शिजायला पुन्हा तेवढाच वेळ.”

“बरं बाई.” नवऱ्याने हात मागे घेतला. “पण तू भांडं भरलंस की मला धडकीच भरते. तुला ते घेऊन येताना पाहिलं की गावातले लोक आधी खुर्ची धरतात.”

थट्टा खरी होती. कुणाच्या घरी काळ येऊन गेला की त्या गावात आधी शेजारीण यायची, गरम भांडं घेऊन. शब्द मागून. आर्डिसची आई म्हणायची, रिकाम्या हातांचं माणूस कोसळतं, भरल्या हातांचं उभं राहतं. सोबत पावही न्यायचे, कारण अशा घरात पाव आणायचं कुणाला सुचतं? समोरच्या बर्नाडीनचा नवरा कोठारात धान्याखाली गाडला जाऊन गेला, तेव्हा मर्ल गावच्या आगीच्या बंबाच्या पथकात होता. मर्लचा तिथून निरोप आला तशी आर्डिस घरचंच जेवण उचलून बर्नाडीनच्या दारात उभी राहिली. “पाव आणलेत,” एवढंच म्हणाली.

पुढे गुडघ्याने दगा दिला आणि मर्लने पथक सोडलं. आता बर्नाडीनचा मुलगा कर्ट तिथे जायचा.

“आर्डिस, हे काय आणलंस?” मर्लने पावांचं पाकीट दिव्याखाली धरलं. “तीळ आहेत याला.”

तिने कपाळाला हात लावला. तिळाचा कण पोटात गेला तरी नातीचे, टेसाचे ओठ सुजत. सकाळी दुकानात तिचं सगळं लक्ष खिडकीबाहेरच्या आभाळाकडे होतं.

“राहू दे. चमच्याने खाईल ती.”

“नातीने आजीकडे यायचं आणि पावाविना खिमा खायचा?” तो बूट चढवू लागला. “कोपऱ्यावर तर दुकान. चालतच जातो, गाडी काढली तर परत बर्फ झाडत बसा.”

“दुकानदाराशी गप्पा ठोकत बसू नकोस.”

“मी? मी तर मुका माणूस.”

शीळ घालत तो गेला. घर एकदम मोठं झालं.

आणि भोंगा वाजला.

आग असो की अपघात, पथकाला बोलावणारा गावचा भोंगा लांब रडायचा, थांबायचा, पुन्हा रडायचा. समोरून कर्टची गाडी भरकन निघाली. आर्डिसने फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. ट्रॉय भरधाव हाकतो. मागच्या सीटवर टेसा, पट्टा सैल करून झोपणारी. तिला स्वतःचेच हात परके वाटू लागले. जिने जन्मात मध्येच झाकण उघडलं नव्हतं, तिने ते उघडलं, वाफेत तोंड धरलं आणि पुन्हा ठेवलं.

देवा, माझं नको. कुणाचंही असो, माझं नको.

समोर बर्नाडीनच्या स्वयंपाकघरात दिवा होता. पडद्यावर तिची सावली हलत होती. फोन कानाला. मग ती सावली ओट्यावर वाकली. आर्डिसने झटकन आपला पडदा ओढला. बघायचंच नाही म्हणजे झालं. दाराकडे पाठ करून ती लोणच्याच्या चकत्या कापत बसली. चकत्या जाड-बारीक पडत होत्या.

फाटकाशी दिवे चमकले. तिला उठवेना. गाडीचं एक दार वाजलं, दुसरं वाजलं, आणि मग ओसरीवर छोटे बूट आपटले.

“आजी, मी उलटी नाही केली!”

आर्डिसने पोरीला कवटाळलं. ट्रॉयला, सुनेला, पुन्हा पोरीला.

“आई, श्वास घेऊ दे,” ट्रॉय हसला. “रस्ता अडवलाय तिकडे. लाल दिवे, माणसं. आम्ही शाळेकडून वळून आलो. घसरलंय वाटतं कुणीतरी.”

“बिचारं.” एवढा आनंद झाल्याची तिची तिलाच लाज वाटली. “जेवणं झाली की विचारते कुणाकडे काय झालं ते. उरलेला खिमा नेता येईल.”

“झालं, निघालं हिचं भांडं. बाबा कुठेत?”

“पावांना गेलाय. बसला असेल दुकानदाराचं डोकं खात.”

भांड्याचा काटा तिने ‘गरम’वर आणला. सुनेने बशा मांडल्या, टेसा ताठ बसून चमच्याने टेबल वाजवू लागली. भीती अंगातून बर्फासारखी वितळून गेली होती, आणि आर्डिसला चक्क भूक लागली.

घंटी वाजली.

“आला मुका माणूस,” ती म्हणाली. “किल्ली विसरला असेल.” रागवायचे शब्द ओठांवर जुळवत, हसत, तिने दार उघडलं.

ओसरीवर बर्नाडीन होती. एप्रनवरच कोट ओढलेला, केसांत बर्फ. दोन्ही हातांत तिच्या घरचं भांडं, वायर गुंडाळलेली, झाकणाखालून वाफ. काखेत कागदी पिशवी.

तिने भांडं पुढे केलं. आर्डिसचे हात आपोआप पुढे आले.

“पाव आणलेत,” बर्नाडीन म्हणाली.