विंचुकामुक्त घर

राजधानी ला पाझहून आलेल्या डॉक्टरांनी दोन्या सेनोबिया, म्हणजे सेनोबियाबाईंच्या मातीच्या घरावर ‘विंचुकामुक्त’ असं प्रमाणपत्र चिकटवलं. तिने शालीतून काडेपेटी काढून उघडली. आत रक्त पिऊन टम्म फुगलेली विंचुका वळवळत होती. असल्याच किड्याच्या चाव्यातून जडलेल्या रोगापायी तिचा नवरा हृदय बंद पडून गेला होता. “काल गादीत सापडली.” “दोन्या, आमच्या पाहणीत एकही आढळली नाही.” “आढळेल कशी? कडाक्याच्या थंडीत आलात. तेव्हा त्या भिंतीच्या भेगांत दडतात, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. कुणाला विचारलंत?” “संशोधन आम्ही करतो, तुम्ही नाही.” “करा की! आज माझ्याच खाटेवर झोपून करा.” डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि गाडी गाठली. धुरळा बसल्यावर तिने प्रमाणपत्र टरकावलं, चिखलात कालवलं आणि उशाकडच्या भेगेत अंगठ्याने ठासलं. “घ्या! डॉक्टरांचं संशोधन एकदाचं कामाला आलं,” ती भिंतीला म्हणाली.