नागपूरचं बोलावणं

खेमराज आमगाव स्टेशनाहून बैलगाडीने देवरीला पोचला, तेव्हा अंगणात बिऱ्हाड बांधून तयार होतं. दोन पेट्या, एक वळकटी, तांदळाचं पोतं. बाप केशोराव धुतलेलं धोतर नेसून, फेटा बांधून ओट्यावर बसला होता.

"बा, हे सारं कायले बांधलं?" खेमराजने विचारलं.

"कायले म्हणजे? नागपूरले जाऊन राहिलो ना आपन."

गाडीवानाला थांबायची खूण करून खेमराज उभाच राहिला.

दीड महिन्यापूर्वी त्याचंच कार्ड आलं होतं. तो नागपुरात कापडाच्या गिरणीत होता. लढाईमुळे गिरण्या दिवसरात्र चालत होत्या आणि पोरगा कामात बुडालेला होता. शाळेच्या गुरुजींनी कार्ड वाचून दाखवलं. सुनेला दिवस गेले आहेत. इकडे यावे. विचार करून कळवावे.

त्या दिवसापासून केशोरावने विचाराशिवाय दुसरं काम केलं नाही. रोज संध्याकाळी शेजारचा सुकराम येऊन बसे आणि दोघे मिळून नागपूर तोलून पाहत. तिथं घराजवळ नळाचं पाणी येतं, असं बोलणं चालू असताना केशोरावची बायको देवकाबाई विहिरीवरची खेप घेऊन त्यांच्यासमोरून आत जाई. तिथं धानाच्या गिरणीत कांडलेला तांदूळ आयता मिळतो, असं सुकराम सांगे आणि आत तिचं मुसळ चालू असे. मोठा दवाखाना होता, केशोरावचा गुडघा दाखवता आला असता. नातू मांडीवर खेळला असता. पण मग धानाच्या बांध्यांचं, पिकत्या शेताचं काय? मोहफुलांचे दिवस, तळ्यातली मासोळी, रस्त्याने जाताना दहा दारांतून येणारा रामराम? नागपुरात केशोरावला कोण ओळखणार होतं? एक दिवस जाणं बरं वाटे, दुसऱ्या दिवशी राहणं.

"वहिनीले इचारलं का?" सुकरामने एकदा सहज म्हटलं.

"तिले का इचाराचं? मी जाईन तिथं ते येईल."

अखेर नातवाच्या ओढीने निकाल लागला. केशोरावने बांध्या सुकरामला अधियाने, निम्म्या पिकाच्या बोलीवर दिल्या, बैलजोडी बाजारात विकून टाकली, आणि गुरुजींकडून उलट कार्ड लिहवून घेतलं. यायचे ठरले. न्यायला यावे.

आणि आता पोरगा न्यायला आला होता.

"बा," खेमराज जमिनीकडे पाहत म्हणाला, "मी मायले न्यायले आलो. खोली एकच आहे. अंग टाकाले जागा नाही तिथं. तुमी कुठं झोपाल?"

केशोरावने डोक्याचा फेटा उतरवून मांडीवर ठेवला. मग एकदम बोलायला लागला.

"तुज्या मायले तिथं करमनार नाही. एका खोलीत जीव गुदमरल तिचा. अन् गिरणीचा तो धूर!"

"धूर चुलीचाबी असते. तिथं नळ आहे, बा. दवाखाना आहे."

"आग लाव त्या नळाले! तिथं कोन ओळखते तिले? मेली तरी चार मानसं यायची नाहीत."

दीड महिना केशोराव ज्या नागपूरचे गुण गात होता, तेच गुण आता पोरगा गात होता. आणि निकाल लागल्यावर ज्या अडचणी त्याने हसून उडवून लावल्या होत्या, त्या आता तो एकेक करून लेकाच्या अंगावर फेकत होता. आवाज चढले. सुकराम आपल्या दारात येऊन उभा राहिला. देवकाबाई कधीची चौकटीला टेकून ऐकत होती. दोघांपैकी एकाचंही तोंड तिकडे वळलं नाही.

गाडीवान कंटाळला. "गाडी जुंपू का सोडू?" त्याने विचारलं.

"तिलेच इचार," केशोराव लेकाकडे वळून म्हणाला. चौतीस वर्षांच्या संसारात तो असं पहिल्यांदा म्हणाला, तेही उत्तराची खात्री होती म्हणून.

देवकाबाईने पदराला हात पुसले.

"खेमराज, सुनेले इकडं आनून सोड," ती म्हणाली. "बाळंतपन मी इथं करीन. पोरीले मोकळी हवा भेटल."

"मग माजा डबा कोन करल, माय?"

तोंडातून निघून गेलं, आणि निघाल्यावर खेमराजचे कान लाल झाले. देवकाबाई त्याच्याकडे पाहत राहिली. त्याने नजर चुकवली आणि चिडून विचारलं, "येतेस का नाही, तेवढं सांग."

"नाही येत."

तो पाणीही न पिता गाडीत चढला. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत केशोराव ओट्यावरून पाहत होता. बांध्या दुसऱ्याच्या हाती गेल्या होत्या, बैल गेले होते, येत्या पावसाळ्यात आपण काय पेरणार आणि अर्ध्या वाट्यावर वर्षभर कसं भागणार, हे त्याला ठाऊक नव्हतं. तरी त्याची छाती भरून आली होती.

देवकाबाई सूप घेऊन तांदूळ निवडायला बसली होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला. असा तो कधी बसत नसे.

"पोटच्या पोराले नाही म्हटलं तुनं," तो हळू आवाजात म्हणाला, "पन मले सोडलं नाही."

देवकाबाईने मान वर केली नाही.

"तिथं तिघांचं करा लागलं असतं," ती म्हणाली. "इथं एकाचंच आहे."