कुलपातलं नाव

"आता एकच संधी," दुरुस्तीवाल्या विरोतने लॅपटॉप हळूच आपल्याकडे ओढून घेतला. "तीही चुकली तर हे दार कायमचं बंद, मावशी. मग चिप उपटून हाट याई शहरात पाठवावी लागेल. आठवडा गेलाच समजा."

लामाईने हात मांडीवर घेतले. आधीच्या दोन्ही चुका तिच्याच. शब्द तिला झोपेतून उठवलं तरी सांगता आला असता, पण बोट ठेवायचं कुठे? जुन्या कीबोर्डवर थाई अक्षरं होती, ती बघून तिने तो घातला होता. परवा नवऱ्याने, छालोमने, त्या कीबोर्डला कॉफी पाजली. विरोतला या म्हाताऱ्या मशीनला बसेल असा मिळाला तो कुठल्यातरी परदेशी लॅपटॉपचा. त्यावर नुसती इंग्रजी अक्षरं, आणि इंग्रजीच्या नावाने तिची पाटी कोरी.

"अरे, मग बाहेरून दुसरा जोडून दे की," छालोम म्हणाला.

"कुलूप उघडल्यावर चालेल तो, काका. कुलपापाशी हे मशीन अंगच्या कीबोर्डशिवाय कुणाचं ऐकत नाही. मावशी, तुम्ही नुसता शब्द सांगा. थाई अक्षर कुठल्या बटणात आहे ते माझ्या बोटांना पाठ आहे."

लामाईने नवऱ्याकडे चोरून पाहिलं.

दक्षिण थायलंडातल्या फत्तालुंगमध्ये छालोमला कोण ओळखत नव्हतं? पडद्यामागे बसून चामड्याच्या बाहुल्या नाचवायच्या आणि राजा, राक्षस, विदूषक सगळ्यांचे आवाज एकट्याने काढायचे, हा त्याचा पिढीजात धंदा. गेल्या वर्षी दुसऱ्या एका मंडळाने त्याची नवी कवनं लॅपटॉपमधून परस्पर उचलली, तेव्हा लामाईनेच विरोतकडून हे कुलूप घालून घेतलं. मशीन सुरू व्हायच्या आधीच आडवं येणारं. शब्द नवऱ्याला मुद्दाम सांगितला नाही, कारण चहाला चार माणसांत बसला की याच्या पोटात काही राहत नसे. "तुम्ही कधी विसरणार नाही आणि काकांना कधी सुचणार नाही, असं काहीतरी घाला," विरोत म्हणाला होता. तिने एका बाईचं नाव घातलं.

शेजारच्या त्रांग गावची ती बाई, जत्रांतून मनोरा नावाचा नाच करणारी. ऐन तारुण्यात छालोम तिकडच्या जत्रेत खेळ करायला गेला आणि जत्रा संपली तरी परतला नाही. लामाईला तेव्हा दिवस गेले होते. शेजारणीने ते नाव मोठ्या मायेने तिच्या कानात ओतलं. तो आला, तिने विचारलं नाही, त्यानेही काही सांगितलं नाही. संसार झाला, मुलं मोठी झाली, नाव आत तसंच राहिलं. आणि आता ते याच्यासमोर, भर दुकानात उच्चारायचं? लिहून द्यावं तर तो कागदात डोकावणार, कुजबुजावं तर कान लावणार.

"अहो, जरा कॉफी घेऊन या बघू."

"छे छे! कॉफीला मी आता हात लावत नाही."

विरोतने हसू दाबलं.

"मग नुसतेच बाहेर जाऊन बसा."

"का म्हणून? कुलूप माझ्या कवनांना आणि हाकलणार मलाच?" छालोमने स्टूल ओढून तिच्या शेजारी घेतलं. मग त्याचा आवाज खाली आला. "लामाई, आज स्पर्धेत परीक्षक नवं मागणार. जुनं सगळं पाठ आहे गं, बापाने शिकवलेलंसुद्धा. नवं तेवढं राहत नाही. संध्याकाळी सगळ्यांपुढे जीभ अडली, तर बाहुल्या पेटीत घालीन. पुन्हा नाही काढायचो."

हे त्याने विदूषकाच्या आवाजात म्हणायला घेतलं होतं. शेवटपर्यंत जमलं नाही.

"साइफिन," ती भिंतीकडे बघत म्हणाली. जरा जास्तच मोठ्याने.

विरोतची बोटं बटणांवर फिरली. पडदा काळाच राहिला. मग उजळला.

"उघडलं!"

छालोम पुढे झेपावलाच. कवनं सापडली, त्याचे ओठ हलू लागले, गुडघ्यावर ठेका सुरू झाला. लामाई तापल्या कानांनी बसून राहिली. आता म्हणेल. आता काहीतरी म्हणेल.

पहिलं कवन संपवून त्याने विचारलं, "साइफिन कोण गं? तुझ्या आत्याकडची का?"

लामाईने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याचे सगळे आवाज तिच्या ओळखीचे. राजाचा, राक्षसाचा, पाहुण्यांसमोरचा, आणि खोटं बोलतानाचा तर पहिल्या शब्दालाच कळायचा. हा त्यातला एकही नव्हता. उत्तरासाठी तो थांबलाही नाही, दुसऱ्या कवनात शिरलासुद्धा.

आधी तिला राग आला. इतकी वर्षं मी हे उराशी धरून बसले, आणि याच्या गावीही नाही! मग हसू फुटलं. तोंडावर हात दाबला तरी ते आवरेना, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. विरोत घाबरून पाण्याची बाटली पुढे करू लागला.

"विरोत, हा शब्द काढून टाक बाबा," ती डोळे पुसत म्हणाली. "दुसरा घाल."

"कुठला घालू, मावशी?"

"तूच बघ काहीतरी. मला आता लपवण्यासारखं काही सुचतच नाहीये."