चौथी जागा

पत्र येऊन चार महिने झाले होते आणि उत्तर गेलं नव्हतं. पत्र भोंग्याचं, अक्षर त्याच्या लेकीचं.

‘पेन्सिलीस नमस्कार. डोळ्यांनी राजीनामा दिला. मोठं तेवढं दिसतं, अक्षरं दिसत नाहीत. लेकीने टीव्हीला जोडायचं गेमचं यंत्र आणून दिलंय. रोज संध्याकाळी सहाला आम्ही आपापल्या घरी बसून एकच जहाज हाकतो. सुकाणू माझ्याकडे. चौथी जागा रिकामी आहे. दीपगृहाचे संदेश त्या चौथ्याच्याच पडद्यावर उमटतात, त्याने ते सगळ्यांना वाचून दाखवायचे. अनोळखी लोक येतात आणि अर्ध्यात पळतात. जहाजाचा क्रमांक खाली दिलाय. येशील?’

भोंगा आणि पेन्सिल ही त्यांची छापखान्यातली टोपणनावं. तिथे दोघं तीस वर्षं एका टेबलाशी बसले होते. भोंगा हस्तलिखित मोठ्याने वाचायचा, विरामचिन्हांसकट. पेन्सिल समोरचा छापील कागद तपासायचा. ही वाटणी सोयीची होती, कारण पेन्सिलची जीभ अडखळायची. चारचौघांत तर शब्द घशात रुतून बसायचा. त्यामुळेच पत्र तसंच पडून होतं. नाही म्हणायला हात धजत नव्हता आणि हो म्हणायला जीभ.

एका सोमवारी त्याने काय हवं ते चिठ्ठीवर लिहिलं, चपला घातल्या आणि दुकानात गेला.

चिठ्ठी वाचून काउंटरवरची मुलगी हसली. “नातवाला का आजोबा? कितवीत आहे?”

त्याने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.

“अरे वा. मग हेडफोन माइकवाला देते. यात बोलावं लागतं, नाहीतर काही उपयोग नाही.”

“मा... माहीत आहे,” तो म्हणाला.

घरी बायकोने खोका पाहिला आणि कपाळाला हात लावला. “पुस्तकांना जागा पुरत नव्हती, त्यात हे.” दोन दिवस तो माहितीपुस्तिकाच वाचत बसला, तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. “अहो, परीक्षा आहे का त्याची? लावा की.”

पुस्तिकेतल्या सात चुका दुरुस्त करून झाल्यावर त्याने यंत्र लावलं.

बुधवारी सहाला त्याने जहाजाचा क्रमांक टाकला. कानात वारा सुटला आणि वाऱ्यातून भोंग्याचा आवाज आला. “कोण आलं? नाव वाचा कुणीतरी.”

“नावाच्या जागी नुसतं टिंब आहे, काका,” शिडं सांभाळणारी बाई म्हणाली. एरवी ती बस चालवायची. “बोला टिंबराव.”

त्याने तोंड उघडलं. काही आलं नाही. तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात बारीक अक्षरं उमटली.

“उ... उज... उजवीकडे ख...”

जहाज फुटलं.

“खडक लागल्यावर आम्हालाही कळतो हो,” तळातलं पाणी उपसणारा बेकरीवाला म्हणाला.

दुसऱ्या फेरीतही तेच झालं. त्याचा अंगठा बाहेर पडायच्या बटणावर गेला. बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. तिचे हात थांबले. त्याने अंगठा उचलला. टेबलावरची पेन्सिल घेतली, टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला आणि तिसऱ्या फेरीचा संदेश उमटताच तिचं टोक पहिल्या शब्दाखाली धरलं.

“पु... पुढे खडक स्वल्पविराम वे... वेग निम्मा करा पूर्णविराम.”

विरामचिन्हं मात्र न अडखळता आली.

“हे काय नवीन?” बेकरीवाला म्हणाला. “पूर्णविराम येईपर्यंत बुडू आपण.”

“गप्प बसा,” भोंगा म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला होता. “पेन्सिल, पुढची ओळ.”

“दोन ला... लाटा जाऊ द्या अर्धविराम मग ड... ड...”

“डावीकडे?” बसवाली घाईने म्हणाली. “काका, डावीकडे वळवा.”

“मी नाही वळवत. त्याचा शब्द त्याला पुरा करू दे.”

जहाज कातळाच्या कमानीसमोर डोलत राहिलं. बेकरीवाल्याने मोठा सुस्कारा सोडला. पेन्सिलीचं टोक त्याच शब्दाखाली होतं.

“ड... डो... डोलकाठीवरचं शीड उतरवा पूर्णविराम.”

शीड उतरलं. जहाज कमानीखालून सरळ निघून गेलं. डावीकडे पाण्याबाहेर सुळक्यांची रांग होती.

“बाप रे,” बसवाली म्हणाली. “मी सगळ्यांना बुडवलं असतं.”

“टिंबराव, तुम्ही सावकाश वाचा,” बेकरीवाला म्हणाला. “मी उपसतोय पाणी.”

बंदरात शिरल्यावर भोंग्याने विचारलं, “आणि माझ्या पत्राचं उत्तर? लेक रोज पेटी उघडून बघते.”

“लि... लिहितो.”

उत्तर एका ओळीचं झालं. ‘रोज येईन, थांबत जा.’ गुरुवारी सकाळी ते घेऊन तो टपाल कचेरीत रांगेत उभा राहिला.

“कुठे जायचंय?” खिडकीतल्या बाईंनी विचारलं.

पत्ता पाकिटावर होता. आजवर तो पाकीट मुकाट्याने पुढे सरकवायचा. आज त्याने गावाचं नाव घ्यायला सुरुवात केली. पहिलंच अक्षर अडलं. बाईंनी पत्ता वाचायला हात पुढे करून पाकिटाचं टोक धरलं. मागे कुणीतरी खाकरलं.

त्याने आपलं टोक सोडलं नाही. गावाचं शेवटचं अक्षर बाहेर पडलं, मगच सोडलं.