तेरा चषक

सातव्या चषकाच्या वेळी किझाया मुद्दाम अडखळली. रमचं सरबत तिने जाजमावर सांडलं आणि पुसायला खाली बसली.

"चालव हात, बाई!" एक पाहुणा ओरडला. "इंग्लंडच्या राजाला हाकलायलासुद्धा आम्हाला एवढा वेळ लागला नाही!"

हशा पिकला. आज चार जुलै. नव्या देशाच्या तेरा राज्यांसाठी तेरा चषक उचलायचे आणि प्रत्येक चषकामागे कर्नल थ्रॉकटनच्या हिरवळीवरची तोफ उडायची, अशी रीतच होती.

मागच्या अंगणात सामानाची गाडी उभी होती. कर्नलसाहेबांची लेक आणि जावई कालच जॉर्जियाला पुढे गेले होते. आज लेकीचं आंदण निघायचं होतं: पिसांची गादी, चांदीचे चमचे आणि किझायाची दहा वर्षांची पोर टॅम्सी. जॉर्जियाला धाडलेलं आपलं माणूस कुणी पुन्हा पाहिलं नव्हतं.

"चषक संपेपर्यंत गाडी हलणार नाही," सकाळी बाईसाहेब म्हणाल्या होत्या. "मग जा आणि पोटभर भेट पोरीला."

म्हणून किझाया हळूहळू पेले भरत होती. चषक लांबले की पोर तेवढीच अंगणात राहणार होती.

"माणूस जन्मतःच स्वतंत्र आहे!"

पेले रिकामे झाले. तोफ उडाली.

"त्या राजाने आपल्याला गुलाम करायला बघितलं." कर्नलसाहेबांचा आवाज चढला. "गुलाम! आपल्याला! कल्पना तरी करवते का?"

कुणालाच करवेना. किझायाने शांतपणे आणखी एक लिंबू पिळलं.

बाराव्या चषकानंतर ती साखर आणायला स्वयंपाकघरात गेली. दाराशी तबेल्यातला म्हातारा आबेल उभा होता.

"काका, तू इथं? घोड्यांपाशी कोण आहे?"

"घोडे गेले, पोरी. तोफेला बुजत होते. गाडीवान म्हणाला, आणखी एक बार उडाला तर गाडीचा भुगा होईल. हाकलली त्याने गाडी."

"कधी?"

"मघाशीच. सांगायला आलो होतो, पण मला आत सोडलं नाही. म्हणाले, चषक चाललेत."

किझायाने चौकट धरली. "रडली का रे?"

"तुला हाक मारली तिने. चांगली मोठ्याने मारली."

"मला नाही ऐकू आली."

आबेलने मान खाली घातली. "तोफ उडाली ना तेव्हाच."

"किझाया!" आतून आवाज आला. "शेवटचा आहे. काठोकाठ भर!"

ती आत गेली. या वेळी एक थेंबही सांडला नाही.

कर्नलसाहेब उठले. त्यांचे डोळे भरून आले होते. "हा चषक आपल्या लेकींसाठी. आईबापांचं घर सोडून दूर गेलेल्या लेकींसाठी."

सगळे गंभीर झाले. कुणीतरी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. पेला रिकामा करून ते मटकन खाली बसले आणि रुमाल शोधू लागले. समोर किझाया सुरई घेऊन उभी होती.

"पोटचं पोर दूर धाडणं काय असतं," ते तिला म्हणाले, "ते तुम्हा लोकांना नाही कळायचं."

"जी," म्हणत किझायाने त्यांचा पेला भरला.