बिनपट्ट्यांचा शत्रू

जुन्या युरोपातल्या भाडोत्री सैनिकांची, त्याने स्वतः रंगवलेल्या चिमुकल्या पुतळ्यांची पलटण तयार होती: बोटाच्या पेराएवढे शिपाई, फुगीर बाह्या आणि बाह्यांवर केसासारखे बारीक लाल-पिवळे पट्टे. आता टेबलावर लढाई मांडायची, तर समोर शत्रू हवा. खेळातला जोडीदार पुस्तक उघडूनच बसला होता.

"यांचे हाडवैरी म्हणजे डोंगरातले भालेवाले. तेही भाडोत्री, तेही असेच पट्टेवाले. झकास जमेल."

"नको," तो घाईने म्हणाला. "नखशिखांत लोखंडातले घोडेस्वार घेऊ. तेही यांच्याशी लढलेत."

"अरे, त्यांच्यात रंगवायचं काय? चंदेरी रंगाचा एक हात मारला की झालं. पट्टे काढण्यात तर तुझा हात कुणी धरणार नाही. तुला झालंय तरी काय?"

"कधीतरी बदल नको का?" तो हसून म्हणाला. गेल्या महिन्यापासून ब्रश टेकवला की पट्टा नागमोडी व्हायचा. चहा सोडून पाहिला, झोप वाढवून पाहिली. बोटांची थरथर काही जाईना. बायकोलाही त्याने अजून सुगावा लागू दिला नव्हता.

शेवटी घोडेस्वारच ठरले. त्याला हायसं वाटलं. तेवढ्यात फोन वाजला. त्याच्या हॉस्पिटलमधल्या सिस्टर होत्या.

"सर, उद्या सकाळी पहिलं ऑपरेशन त्या बाळाच्या डोळ्याचंच घ्यायचं ना?"

 

उजवा हात मांडीखाली दाबून धरत तो म्हणाला, "हो. पहिलं तेच."